कोळंबीच्या सालांची गोळी

गुडघ्याच्या गोळ्यांचं विचारतेस, तर दांडी गावच्या माझ्या मैत्रिणीचं, हिराचं ऐक. बोईसरच्या बाजारात मासळी विकते, माझ्याच वयाची. मागल्या वर्षी तिचे गुडघे असे धरले, की खाली बसली की उठवायला दोघी लागायच्या. सून म्हणाली, "आता घरीच बसा." हिराला तेवढंच नको होतं.

लेकाने गुडघ्यांच्या गोळ्यांची बरणी आणून दिली. ती घेऊन आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी बरणीवरचं वाचलं. "मावशी, हे औषध कोळंबीच्या सालांपासून करतात."

हिरा म्हणाली, "सालं तर मी जन्मभर मांजरांना टाकली. मांजरं बगा माजी, अजून कौलावर उड्या मारतात. म्हंजे गुन हाय."

बाई हसल्या. "कोणाकोणाला दुखणं थोडं कमी वाटतं. पण त्यानं गुडघा झिजायचा थांबेल, असं मी सांगणार नाही. त्यापेक्षा मांडीत जोर आणा. उंच बसायचं, पाय सरळ उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा."

"बाजारात केलं तर चालंल?"

"चालेल की."

मलाही तेच सांगितलं होतं, मी चार दिवसांत कंटाळले. हिरा नाही कंटाळली. पालथ्या क्रेटवर बसून रोज करते, आणि आता कोणाचा हात न धरता उठते.

परवा तिने पाय समोर ताणला, तसं गिऱ्हाईक मागं सरकलं. "मावशी, लाथ मारता काय?"

"मासळी शिळी म्हनशील तर मारीन. आता बोलू नको, सात झाले."