बाईंचं रान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मान्यवर रेवणप्पा अण्णा, व्यासपीठावरचे शिक्षण खात्याचे अधिकारी, आज निवृत्त होणाऱ्या उत्सवमूर्ती विजयश्रीबाई, आणि सतरंजी अपुरी पडली म्हणून उभे राहिलेले माझे गावकरी, आया-बहिणी! मी धनराज, शाळा सुधारणा समितीचा अध्यक्ष. अडतीवर मोठ्यानं बोलणारा माणूस, पण माईकपुढं पहिल्यांदाच उभा आहे.

बाईंचा गौरव मी काय करणार? मला फक्त त्या येळवशीबद्दल बोलायचंय. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं गाव रिकामं असतं. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, पांडव म्हणून पाच दगड पुजायचे, मिसळ भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील खायची. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्याच्या रानातलं आवतन. बाईंना रान नाही, त्यांना दरवर्षी आमचंच आवतन. आणि पूजा झाल्याशिवाय रान सोडायचं नाही.

त्या वर्षी कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायचं धोरण आलं होतं. आपल्या मराठी शाळेवरही पाळी आली. मोठी शाळा ओढ्यापलीकडं. ओढा भरला की ह्या लहान पोरी जाणार कशा? भालकीला निवेदनं दिली, बिदरला उन्हात बसलो. उत्तर एकच, साहेब पाहणी करतील, मग ठरवू.

आणि बाईंनी येळवशीला शाळा उघडली! मीच विचारलं, "बाई, कामून उघडायलाव? गावात चिटपाखरू ऱ्हात न्हाई."

"खात्याच्या सुट्ट्यांत येळवस नाही, धनराज. साहेब आजच आले तर?"

आणि साहेब नेमके आले. कर्नाटकाच्या दक्षिणेकडचे, त्यांना येळवस काय ठाऊक? रिकामे वर्ग बघून म्हणाले, मुलंच नाहीत तर शाळा कुणासाठी? बाई वाद घालत बसल्या नाहीत. दांडका उचलला आणि घंटा बडवायला लागल्या.

अवेळी घंटा म्हणजे आग, असंच आम्हाला वाटलं. अर्धी पूजा टाकून मी पळालो. आमच्या शेजारच्या रानातल्या शिवराजनं तर घाईत पाण्याच्या घागरीऐवजी आंबिलीची बिंदगी उचलली! पण शाळेच्या पायरीवरून जे बघितलं, ते आठवून आजही अंगावर काटा येतो. चारी बाजूंच्या ज्वारीत आधी नुसती कणसं हलताना दिसली. मग पोरं दिसली. पळत येणारी, आपल्या शाळेकडं येणारी, आणि मागं त्यांच्या आया. एवढं मोठं काही मी जन्मात बघितलं नव्हतं.

गावातल्या थोरल्या म्हाळसा अक्कांनी पूजेआधी कधी रान सोडलेलं नाही. त्याही धापा टाकत आल्या. साहेबांची जीप बघितली, रिकामे वर्ग बघितले, सगळं उमगलं. म्हणाल्या, "बाईला रान न्हाई म्हणता व्हय? हे बाईचंच रान हाय. पूजा हितंच मांडा!"

कडबा आला, मैदानात कोप उभी राहिली. वर्गात हजेरी झाली. शाळेतल्या धनलक्ष्मीनं धडा खणखणीत वाचला. साहेब पंगतीत बसले, आंबील मागून घेतली. शाळा राहिली. निवेदनांनी राहिली की आंबिलीनं, देव जाणे!

आता बाईंची जागा भरा, एवढंच खात्याच्या साहेबांना हात जोडून सांगणं. नाहीतर पुन्हा जीप येईल, आणि पुन्हा आम्हीही येऊ. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. अडत्याच्या तोंडून काही वाकडं गेलं असेल तर पोटात घाला.

आणि बाई, कागदावर खुशाल निवृत्त व्हा. पण येळवशीला लवकर या. रानाचा धनी आल्याबिगर आमच्यात पूजा मांडत न्हाईत.