बनुबाईचं ‘गलत!’

— आवं बसा, बसा, सयाजीराव, दचकू नका. भांडान न्हाई ते. आमची बनुबाई हाय आत, आपल्याच पोरीवर वरडतीया. पुन्ना आलं बगा — ‘गलत!’ — ऐकलं न्हवं? आता पोरगी काय म्हनती ते ऐका. आवाज बारीक येतोय, भिंत हाय मधी, पर ती मागं हटत न्हाई येवढं कळतंय का न्हाई? पाव्हणं आल्यावर दोघींनी भाईर यावं, डोईवर पदर घ्यावा, समदं कळतंय मला. पर आत इंटरव्ह्यूची उजळनी चाललीया, आन् उजळनी मधी मोडायची न्हाई ह्यो ह्या घरातला हुकूम हाय. हुकूम माझाच हाय, आता मलाबी पाळावा लागतोय. पोहं म्या केल्यात. हसा की, हसायला काय झालं? पलटनीत समदं शिकवत्यात. घ्या, मीठ बरूबर हाय.

तर आमची आठवन झाली म्हनायची! गेल्या शिमग्याच्या आधी आला हुता तुमी, भाच्याला घिऊन — वीरधवल, कुपवाडात वर्कशॉप हाय त्येचं, ध्यानात हाय समदं. त्यो कोपऱ्यात बसला हुता गप. तुमीच म्हनलात, पोरी, जरा चालून दाखव. भाकरी फुगती का, इचारलंत. मामाचं गाव इचारलंत. आन् जाताना म्हनलात, ‘कळवतो.’ कळवलं न्हाई. — न्हाई वो, राग कसला? तुमच्या आदीबी लोक ‘कळवतो’ म्हनूनच गेल्यात. ती रीतच हाय. आन् आज सांगलीस्नं साताऱ्याला, पेढ्याचा पुडा घिऊन, न बोलवता! का आला ते मी सांगू? कुनीतरी बातमी दिली, सुभेदाराची पोरगी पुन्याच्या त्या मोठ्या काम्प्युटर कंपनीत लागली. व्हय का न्हाई? मग! — लागली म्हंजी... लागल्यातच जमा धरा. दोन हजार साल उगवलं की जगातली समदी काम्प्युटरं गोंधळत्यात म्हनं, म्हनून ह्या कंपन्या आत्तापास्नं मानसं गोळा कराय लागल्यात. आमची जयमाला कराडला तेच शिकलीया. इंजिनेर हाय ती. तुमी चालून बगितली, पर शिकलीया काय ते इचारलंच न्हाई.

पर पयला इंटरव्ह्यू सांगतो तुमाला, आयका. म्या संगं गेल्तो, गेटाभाईर उभा. पोरगी आत गेली. तिघं सायेब बसल्यालं, त्यातला एक तर हिच्याच वयाचा. हिनं काय केलं? — मान खाली घातली, आन् तिघांच्याबी पाया पडली! आवं, खरंच! त्यो पोरगा खुर्चीतनं उडाला म्हनं. मग सायेब म्हनला, स्वतःबद्दल सांगा. तर हिनं सांगितलं — संपूर्न नाव, वडलांचं नाव, मूळगाव, मामाचं गाव कोरेगाव, आन् सैपाक समदा येतो! इंग्रजीत सांगितलं, पर सांगितलं तेच. काय करंल वो ती? खोलीत तीन-चार मानसं खुर्च्या टाकून बसली की आपन काय करायचं, हे तिला चार वर्सं तुमीच न्हाई का शिकवत आला? — तुमी म्हंजी येकटं तुमी न्हाई, समदंच. भाईर आली आन् मला बगून रडाय लागली. म्हनली, आबा, मला सगळी उत्तरं येत होती, पण तोंडातून आवाजच फुटेना. एस्टीत खंबाटकीच्या घाटापतुर मी त्योच इचार करत आलो. लय जळलं माझं काळीज.

मग ठरवलं. रिक्रूट हुतो तवा आमाला येक उस्ताद हुता. रायफल खोलायची, जोडायची, पार्टाचं नाव सांगायचं — आन् तुमी काय बी सांगा, त्यो म्हनायचा, ‘गलत!’ बरूबर सांगा तरीबी ‘गलत!’ ज्यो डळमळला त्यो गेला पळाय मैदानावर. मी हललो न्हाई. तसंच सुरू केलं हितं. ह्याच खोलीत तीन खुर्च्या मांडल्या — मधी मी, हिकडं शेजारचा बाळासो दुकानदार, तिकडं बनुबाई. आता आमाला काम्प्युटरातलं ओ का ठो कळत न्हाई, पर त्येची गरजच न्हाई! पोरीनं आपल्या पुस्तकातला सवाल आपनच वाचायचा, आपनच जवाब द्यायचा, आन् आमी डोळं वटारून म्हनायचं, ‘गलत!’ मग तिनं आमच्या डोळ्यात बगून सांगायचं, न्हाई सर, बरोबर आहे, दाखवते. पयल्या दिशी बनुबाईला जमंना. खुर्चीवर बसली की ती पोरीला इचारायची, पुरन शिजलं का ते कसं वळखायचं गं? सवय वो! आता बगा — ऐका — कशी गरजतीया! जलमभर मला ‘व्हय’ म्हनली, त्ये समदं आता ‘गलत’ म्हनून भाईर पडतंय. कवा कवा जेवताना मलाबी म्हनती.

— थांबा. फोन वाजतोय. बाळासोच्या दुकानातला... थांबा जरा, बोलू नका.

— न्हाई. आपला न्हाई. बाळासोची हाक न्हाई आली, दुसऱ्याचाच हाय. — काय म्हनलात? आत येकदम गप का झाल्या? झाल्या आपल्या. पानी पीत असतील. — कसला फोन म्हंजी? आवं... तुमी मानूस हुशार हाय. मग लपवून काय करायचं? न्हाई आलं उत्तर अजून. गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा बोलवलं त्यांनी, परत अर्ज केल्ता तिनं. ह्या बारीला मान वर करून गेली. फळ्यावर काय तरी कराय लावलं — म्हंजी आगगाडीचं डबं एकामागं एक जोडल्यात आन् समदी गाडी उलटी फिरवायची, पर एकबी डबा हरवायचा न्हाई, आसलं कायतरी. तिनं केलं. तर त्यो मोठा सायेब म्हनला, चूक हाय. त्योबी उस्तादच निघाला! हिनं खडू त्येच्या हातात दिला, म्हनली, सर, कुठली ओळ? मग खडू ठिवला त्येनं आन् इचारलं, लग्न कधी करनार? तुमी लग्न करून सोडून गेला की आमचं ट्रेनिंग पान्यात. आन् आमची जयमाला म्हनली, ‘सर, माझ्या आधी जो मुलगा आत आला होता, त्याला हे विचारलंत का?’

मग सायेब म्हनला, ठीक हाय, कळवतो.

गेटावर तिनं मला हे सांगितलं. खरं सांगतो, तुमाला कशाला खोटं सांगू? वाटलं, म्याच शिकवलं हिला, आन् आता नोकरीबी जाती आन् स्थळबी — दोन्ही घरचा पाव्हणा उपाशी. ती माझ्या तोंडाकडं बगत हुती. मी काय म्हनतो त्येची वाट बगत हुती, सयाजीराव. म्या म्हनलं, ‘शाबास.’ लय भ्यालो हुतो, पर म्हनलं.

— पिशवी का घेतली हातात? पोहं तसंच हायत की. काय? — जरा मोठ्यानं बोला. आसं उलटं बोलनारीला कोन नोकरी देनार, आन् कोन सून करून घेनार? आस्सं. मग ऐका. त्यांनी न्हाई घेतली तर दुसरे घेतील. येत्या सोमवारी आनखी येका कंपनीत जायचंय, म्हनून तर आत गलत-गलत चाललंय. तिथंबी न्हाई जमलं तर तिसरी. मान मातुर आता खाली यायची न्हाई. माझ्या डोळ्यांनी बगितलीया म्या वर झालेली. — आन् थांबा, उठू नका. तुमी लय सवाल केलं ह्या खोलीत, आता माझं दोन ऐका. तुमचा वीरधवल — त्यो तोंडानं बोलतो का? त्येला बायकूनं ‘गलत’ म्हनलं तर त्यो काय करंल? तिच्या हातात खडू देईल, का हात उगारंल? सांगा की. खाली का बगताय? आमची फरशी सादीच हाय.

बरं. ह्यो तुमचा पेढ्याचा पुडा घ्या, इसराल. सांगलीची एस्टी स्टँडावर लागली असंल, चालत गेला तरी गावंल. — हां, ऐकलंत का, आत पुन्ना सुरू झालं.

या आता, सयाजीराव. आमी कळवतो.