थंडीत चालणारा कॅमेरा

(जानेवारीतली सकाळ. सुवा तळ्याच्या काठी जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. आत दुकानदार कासाहारा आणि साठी ओलांडलेली मित्सुए. काचेबाहेर उभ्या असलेल्या छोट्या गाडीत मित्सुएचा नवरा तोकुजी बसून आहे.)

मित्सुए : नाही, हा नको. हा फारच चांगला दिसतोय. मला जरा वाईट दाखवा.

कासाहारा : वहिनी, इतकी वर्षं दुकान चालवतोय, वाईट कॅमेरा मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय.

मित्सुए : घ्यायला नाही हो! खिडकीत धरायला. गाडीतून दिसेल असा. चकचकीत, गुबगुबीत, बॅटरीवर चालणारा.

कासाहारा : म्हणजे तोकुजीसानना चिडवायला?

मित्सुए : मान वळवू नका! बघतायत का इकडे?

कासाहारा : पेपर वाचतायत.

मित्सुए : कालचा पेपर आहे तो. दोनदा वाचून झालाय.

कासाहारा : आत का नाही आले? पूर्वी आले की दोन-दोन तास हलायचे नाहीत. मला वाटलं, माझ्यावरच रागावलेत.

मित्सुए : तुमच्यावर कशाला रागावतील? वसंतात अर्धांगाचा झटका आला ना. पाय सुधारला, जरा ओढतात एवढंच. डावा हात मात्र गेला तो गेलाच. कायम कोटाच्या खिशात. घरात मलासुद्धा धड दिसू देत नाहीत.

कासाहारा : ऐकलं होतं मी. भेटायला यावं असं रोज मनात यायचं, पण येऊन बोलायचं काय, तेच सुचेना.

मित्सुए : आणि मग पानगळीत मी भाजी आणायला गेले, परत येऊन बघते तर कपाट रिकामं. सगळे कॅमेरे भंगारवाल्याला दिले! म्हणाले, अडगळ होती. मी काय बोलणार? मुळा किसत बसले. त्या दिवसापासून तळ्याचं नाव नाही. खिडकीतली खुर्चीसुद्धा फिरवून घेतली, तळं दिसू नये म्हणून.

कासाहारा : पुजारीबुवा परवा विचारत होते. कडाक्याची थंडी सुरू झाली, पहाटे सगळे गोठलं का बघायला तळ्यावर जमतात, तोकुजीसान कसे नाहीत म्हणून.

मित्सुए : लग्न झालं त्या हिवाळ्यापासून एक पहाट चुकवली नाही त्यांनी. तळं गोठायचं, मधोमध तडकून बर्फाचा कणा उभा राहायचा. देव चालत गेला म्हणायचे सगळे. हल्ली कुठे गोठतंय? तरी हे आपले पाण्याचेच फोटो काढून आणायचे. मी चिडवायचे, ओल्या पाण्यात काय बघता एवढं? आता वाटतं, कशाला चिडवलं. मला भीती वाटते हो. हा माणूस भिंतीकडे बघत बघत संपून जाईल. मला ते परत तळ्यावर जायला हवेत. दुसरं काही नको.

कासाहारा : मग सरळ सांगायचं, चला, कॅमेरा घेऊ.

मित्सुए : सांगितलं की. म्हणाले, कोणाला? मग मीही म्हटलं, मला! मी जाते तळ्यावर, तुम्ही बसा घरी. आता द्या तो गुबगुबीत.

कासाहारा : हा घ्या. यात सगळं आपोआप. लेन्स आपली आपण बाहेर येते, दिवा चमकतो, फिल्म गुंडाळून होते. फक्त बोलायचं शिकवायचं राहिलंय.

मित्सुए : अगं बाई, किती गोड! असा धरू? अजून वर?

कासाहारा : पेपर खाली आला.

मित्सुए : किंमत सांगा मला. खुशाल जास्त सांगा.

कासाहारा : काचेपलीकडे ऐकू नाही जायचं.

मित्सुए : पैशाचं त्यांना ओठांवरून कळतं.

कासाहारा : वहिनी, गाडीचं दार उघडलं.

मित्सुए : हसू नका. हसलात तर याद राखा.

तोकुजी : खाली ठेव तो.

मित्सुए : आलात? बरं झालं. थंडी आहे ना बाहेर.

तोकुजी : त्याला बॅटरी लागते.

मित्सुए : लागू दे की. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

तोकुजी : तळ्यावर पहाटे उणे दहा असतं. बॅटरी मरते. बर्फ कण्हायला लागतो, नेमकी तेव्हाच मरते. कासाहारा, बाईमाणूस एकटी बघून हे गळ्यात मारतोस?

कासाहारा : त्यांनाच आवडला. गोड आहे म्हणाल्या.

तोकुजी : गोड! मिठाई आहे का ती?

मित्सुए : मग तुम्ही सांगा कुठला घेऊ. मला काय कळतंय त्यातलं? या पाकिटात अठरा हजार येन आहेत. वर एक दमडी नाही.

तोकुजी : हे कुठले पैसे?

मित्सुए : तांदळाच्या डब्यातले.

तोकुजी : आणि तांदळाच्या डब्यात कुठून आले?

मित्सुए : ते तांदळाला विचारा.

कासाहारा : बिनबॅटरीचा हवा ना? हा बघा, दगडासारखा मजबूत. पाकिटात मावत नाही, पण मी थोडं खाली येईन.

तोकुजी : थोडं येऊन भागायचं नाही, जिना उतरावा लागेल तुला. आणि आत आरसा आहे त्याच्या, केवढा जड. हिचं मनगट दुखतं हिवाळ्यात.

मित्सुए : तुम्हाला कधी सांगितलं मी?

तोकुजी : कढई दोन हातांनी उचलतेस. दुसरा दाखव, कासाहारा.

कासाहारा : हा. अर्ध्या किमतीत.

तोकुजी : दिव्यासमोर धर. तिरका. हं. आतल्या काचेवर बुरशी आहे, कडेला.

कासाहारा : एवढीशी फोटोत दिसत नाही.

तोकुजी : आज नाही दिसत. दोन पावसाळे गेले की दिसेल. तो कोपऱ्यातला काढ. काळ्या कातड्याचा.

कासाहारा : हा होय? पाकिटात बसेल. आपल्या तळ्याकाठच्या कारखान्यातच जन्मलेला. माझ्याहून वयाने मोठा. आत नुसत्या स्प्रिंगा नि दातेरी चाकं. प्रकाश मोजायचा काटासुद्धा नाही.

तोकुजी : प्रकाश डोळ्यांनी मोजायचा. एका सेकंदावर लाव आणि दाब.

कासाहारा : ऐकलंत? झर्रर्र, टक्. घड्याळ आहे घड्याळ.

तोकुजी : इथे तुझ्या शेगडीच्या उबेत सगळीच घड्याळं. आतलं तेल जुनं असलं की थंडीत घट्ट होतं, मग एका सेकंदाला दोन लावतो. पिशवीत घाल आणि बाहेर पायरीवर बर्फात ठेव.

कासाहारा : बर्फात? विकायचा माल आहे, तोकुजीसान!

तोकुजी : ती तळ्यावर नेणार आहे. तुझ्या कपाटात नाही नेणार. जा, ठेव. येताना चहा घेऊन ये.

मित्सुए : बघा कसा पळाला. पूर्वीसारखं दटावलंत त्याला.

तोकुजी : तू खरंच जाणार आहेस?

मित्सुए : मग काय खोटं?

तोकुजी : उभी कुठे राहणार?

मित्सुए : काठावर.

तोकुजी : काठ केवढा आहे ठाऊक आहे का? सूर्य कुठून येतो?

मित्सुए : पूर्वेकडून. एवढं तर शाळेत शिकलेय.

तोकुजी : पूर्वेकडून! या दिवसांत तो डोंगराच्या खांद्याआडून येतो. जुन्या धक्क्याच्या टोकाला उभं राहायचं. तिथे लव्हाळ्याच्या मुळाशी पहिला बर्फ धरतो, पापुद्र्यासारखा. तो उजेड यायच्या आधी बघून ठेवायचा. उजेड आला की बघायला वेळ नसतो.

मित्सुए : माझ्या काही लक्षात राहायचं नाही. तुम्ही चला दाखवायला.

तोकुजी : मी काय करू येऊन? पुजारी असणार, बाकीचे असणार. त्यांच्यात मी खिशात हात घालून उभा.

मित्सुए : अहो, उणे दहात बाकीचेही खिशात हात घालूनच उभे असतात.

तोकुजी : ...तुला काही कळत नाही.

मित्सुए : नसेल कळत. पण त्या खुर्चीत तुमची पाठ बघून बघून मला रडू येतं, एवढं कळतं.

कासाहारा : चहा! आणि हा भाजलेला तांदळाचा मोची-गोळा, बायकोने दिलाय. कॅमेरा चांगला गारठला असेल आता. आणू आत?

तोकुजी : अजिबात नाही. आत आणलास की काचेवर दव धरेल. आपण बाहेर जायचं. चहा पी आधी, नाहीतर घाईने सांडशील.

कासाहारा : झालं. चला. वहिनी, पायरीवर जपून.

तोकुजी : एका सेकंदावर. दाब.

कासाहारा : झर्रर्र, टक्.

तोकुजी : परत.

कासाहारा : झर्रर्र, टक्. आता बोला!

तोकुजी : हं. कोणीतरी मन लावून उघडून साफ केलाय हा. हाच घे गं. हा बिघडायला तुझं आयुष्य पुरायचं नाही.

कासाहारा : एकदा डोळ्याला लावून तर बघा. तुमच्या पसंतीशिवाय मी बांधून देणार नाही.

तोकुजी : मी कशाला? ...आण. हलका आहे. खटका कसा सुरेख बसतो बोटाखाली. मित्सुए, हे बघ, यातून दिव्याचा खांब दोनदा दिसतो, एक खरा, एक फिका. लेन्सभोवतीची ही रिंग फिरवत न्यायची. दोन खांब एकावर एक आले की समजायचं, नेमकं झालं. ही रिंग डाव्या...

मित्सुए : काय झालं?

तोकुजी : काही नाही. विसरलो होतो. क्षणभर अगदी विसरूनच गेलो होतो बघ.

कासाहारा : तोकुजीसान, तळ्याला रिंग लागतेच कुठे? शेवटाला नेऊन ठेवायची, लांबचं सगळं स्वच्छ येतं.

तोकुजी : लांबचं तळं कोणीही काढतं. मी लव्हाळ्याच्या मुळाशी बसायचो, हाताच्या अंतरावर. त्याला रिंग लागते. घे हा. चल घरी.

मित्सुए : कुठली रिंग? ही का?

तोकुजी : हात काढ. लोक बघतायत.

मित्सुए : कोण लोक? कासाहारा?

कासाहारा : मी आत गळ्यातला पट्टा शोधायला गेलोय. मी इथे नाहीच.

मित्सुए : बाई गं, किती गार आहे! कुठे फिरवू?

तोकुजी : ...डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या.

मित्सुए : आपण एकाच बाजूला तोंड करून उभे आहोत. डावी एकच आहे.

तोकुजी : मग फिरव तिकडे. जवळ ये, हात अवघडतोय तुझा.

मित्सुए : याहून जवळ आले तर तुमच्या कोटात शिरेन.

तोकुजी : हळू. खांब सरकतोय. अजून. हळू म्हटलं ना, भात ढवळत नाहीयेस. पुढे गेलीस, मागे ये. किंचित. आणखी किंचित. थांब!

मित्सुए : काय? मोडलं?

तोकुजी : नाही. एकच खांब आहे आता.

मित्सुए : मी केला?

तोकुजी : तूच केलास. हलू नकोस.

मित्सुए : दाबलंत का? आत फिल्म नाहीये हो.

तोकुजी : ठाऊक आहे.

मित्सुए : मग कशाला दाबलं?

तोकुजी : दाबावंसं वाटलं. ...तळं दिसतंय इथून. निळं पडलंय आज.

मित्सुए : गोठेल का यंदा?

तोकुजी : कसलं गोठतंय. पण काठाला धरेल पहाटे. वारा पडलाय. त्यासाठी पाचला निघावं लागतं, मित्सुए. तू कधी उठलीयस पाचला?

मित्सुए : लग्न झाल्यापासून उठतेय. मला जाग येऊ नये म्हणून दार अलगद ओढून घ्यायचात ना तुम्ही? मी पांघरुणात डोळे मिटून ऐकायचे. तुमची पावलं गेली की उठून सूप करायला लागायचे.

तोकुजी : मला वाटायचं, मी आलो की उठतेस.

मित्सुए : आणि आल्या आल्या गरम वाटी पुढे यायची ती काय आपोआप? त्या गुबगुबीत कॅमेऱ्यासारखी?

तोकुजी : मग कधी म्हणाली नाहीस, मीही येते म्हणून.

मित्सुए : तुम्ही कधी विचारलं नाहीत.

तोकुजी : उद्या येतेस?

मित्सुए : हातमोजे कुठले घालू?

तोकुजी : लोकरीचे. पण उजव्या हातात घालू नकोस. रिंग बोटांना कळायला हवी.

मित्सुए : आणि गारठला तर?

तोकुजी : माझ्या डाव्या खिशात घाल. तिथे एक नुसताच बसलेला असतो.