पल्लवीचं लगीन, रस्त्यापलीकडं

न्हाई वो, बसा की — बाकडं काय माझ्या मालकीचं न्हाई. व्हय, लगीनच हाय समोर. कुनाचं म्हंजी — माझ्याच पोरीचं, पल्लवीचं. तुमी म्हनशीला, मग बाप हितं चहाच्या गाड्यावर काय करतूय? तर मी जानार न्हाई. आमी प्रोटेस्टंट, ती मानसं क्याथलिक — दोन्ही ख्रिश्चनच की, म्हनताय? पलूसचं म्हनलासा न्हवं तुमी? तुमच्यात बी सोयरीक करताना पदर लागतूय का त्ये बगत्यातच की — तसंच हे. मी एलिया सातपुते, मिरजंत आमच्या चर्चचा वडील — वडील म्हंजी बाप न्हवं, पंच. मूर्तीम्होरं गुडघं टेकायचं न्हाईत, हे जलमभर लोकांस्नी मीच सांगत आलो. आन पोरीनं गाठला कोन? ज्योकीम. बेकरीवाल्याचा पोरगा. दुकानात शिरलं की पावाच्या आदी मारियाबाईचं दर्शन.

पोरगा कसा? बरा हाय. बरा म्हंजी — लय बरा हाय. बायकू दवाखान्यात हुती तवा रोज डबा आनायचा. मी बोलायचो न्हाई, तरी माझ्याम्होरं ठेवायचा. मी खात नव्हतो — म्हंजी पैल्या दिवशी खात नव्हतो.

मग ठरलं, लगीन त्यांच्या देवळात, ह्या समोरच्या चर्चमदी. मी म्हनलं, पाऊल टाकनार न्हाई. पोरगी म्हनली, "पप्पा, मला आत कोन नेनार?" बापानंच हात धरून न्यायाची रीत आमची. म्हनलं, मेढ्याचा मामा हाय की. त्यो बगा फाटकापाशी — अजून टाय बांधतूय.

हा सूट व्हय? असाच घातलाय. हळद न्याया आलोवतो बाजारात. — हळदीला सूट कोन घालतंय, बरोबर हाय तुमचं.

खरं सांगू का, परवा मी आत जाऊन आलोय. नुस्तं बगाया — फरशी निसरडी हाय का, पोरीला उंच टाचंची सवय न्हाई. फादर दारात उबं. म्हनलं, "सातपुते, चालून बगा की." चाललो. एकटाच, हात असा वाकवून, पार टोकापतुर. फादर भला मानूस, हसला न्हाई.

गाडी आली वाटतं. हां, उतरली. मामानं हात म्होरं केलाय — आन ही धरंना. हिकडं काय बगतीया? आगं, रस्त्यात कुटं येतीस — आवं रिक्षावालं, थांबा जरा, पोरगी हाय. — धरा हा कप. धरा म्हनतो न्हवं. सरका.