एकेचाळिसावा फोटो

मामा: ती पिशवी नको. तिच्या मागची दे, चामड्याची. तुझ्या आईचं लग्न झालं त्या साली हा कॅमेरा माझ्या हातात आला. आणि त्या लग्नानंतर तुझ्या आईवर तो एकदाही रोखलेला नाही.

भाची: म्हणून तर आज काढायचाय. सोमवारी तिचं हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात घाबरू नका, आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतात. मामा, माझ्याकडे आईचा एक फोटो नाही रे. ओळखपत्रावरचा आहे, त्यात ती दुसऱ्याच कुणाची तरी मावशी दिसते.

मामा: ओळखपत्रावर मीही चोर दिसतो.

भाची: आठ वर्षं मी याच धंद्यात आहे. चपला, घड्याळं, कपबश्या, काय वाटेल त्याचे फोटो काढते. आणि आईला म्हटलं, जरा इकडे बघ, की ती उठून आत. परवा कशीबशी तयार झाली, तर म्हणे, काढायचाच तर माझ्या भावाने काढायचा, त्याच्या त्या जुन्या कॅमेऱ्याने.

मामा: आणि भावाचे हात हे असे. बघ. पाणी प्यायला घेतलं तर अर्धं शर्टाला.

भाची: तिपाई आणलीये. आणि ही केबल. तिच्या टोकाला बटण. तुझा हात कॅमेऱ्याला लागायलाच नको.

मामा: अजून मिळते ही? बरं. आधी ती ट्यूब बंद कर.

भाची: अंधार होईल.

मामा: खिडकी कशाला ठेवलीये मग? दोन तऱ्हेचे उजेड एका तोंडावर आले की भांडतात. खुर्ची खिडकीला चिकटवू नको, हातभर मागे घे. कडेने उजेड यायला हवा. हं. आता पलीकडच्या गालाचं काय?

भाची: सावलीत जाईल.

मामा: तर मग त्या बाजूला दुसरी खुर्ची ठेव आणि तिच्यावर पांढरी चादर टाक. खिडकीचा उजेड तिथून परत येतो.

भाची: माझ्याकडे त्यासाठी खास पडदा आहे, घडीचा.

मामा: चादरीचीही घडी होते. आण. आत कपाटात असेल.

भाची: आणली. उजेड किती धरू? याचा मीटर कधीच मेलाय.

मामा: तुझा डिजिटल काय शोभेला आणलास? रोल चारशेचा आहे, त्याच्यावरही चारशे लाव आणि एक काढून बघ. काय म्हणतो?

भाची: शटर साठ, ॲपर्चर चार.

मामा: याच्यावर तीस ठेव. चार तसाच राहू दे.

भाची: दुप्पट उजेड होईल. जळेल ना.

मामा: तुझ्यात जळेल. डिजिटलमध्ये पांढरं एकदा गेलं की मागून आणता येत नाही, म्हणून तिथे हात आखडता घ्यायचा. रोलचं उलटं. त्यात काळ्याला पोटभर उजेड मिळाला नाही तर नंतर कितीही खटपट कर, तिथे काही नसतंच. आणि फोकस डोळ्यावर. नाकावर नाही, तुला नाकाची सवय.

भाची: चपलेला कुठे नाक असतं?

मामा: असतं. असो. आता रोल भर. माझ्याने त्या फटीत जात नाही.

भाची: घातलं टोक. झाकण लावू?

मामा: थांब. घाई नाही. बोटाने ओढून बघ, सुटतंय का. दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसली? आता झाकण उघडं ठेवूनच एकदा खटका मार. रोल पुढे सरकला?

भाची: सरकला.

मामा: लाव झाकण. आता ही डावीकडची गुंडी हलकेच उलटी फिरव, आतली ढील जाईपर्यंत. आता खटका मार आणि गुंडीकडे बघ. खटक्याकडे नाही, गुंडीकडे.

भाची: फिरली.

मामा: बटण दाब. पुन्हा मार.

भाची: फिरली.

मामा: पुन्हा.

भाची: मामा, आकडा एकवर आला. हा खरा फोटो होता, तुझाच निघाला.

मामा: निघू दे. गुंडी फिरली ना?

भाची: फिरली रे बाबा. तुला काय झालंय आज? रोल काय मी पहिल्यांदा भरते?

मामा: तुझ्या आईच्या लग्नाचे फोटो का नाहीत, तुला माहीत आहे?

भाची: आजी सांगायची की. आईनेच तो रोल उन्हात उघडून टाकला. तिला फोटोचं वावडं आहे. सासरी सगळ्यांना ठाऊक होतं, नवी सून विक्षिप्त आहे म्हणून.

मामा: तिने उघडला नव्हता. मी एकवीस वर्षांचा. वीटभट्टी सोडून स्टुडिओत ट्रे धुवायला लागलेलो. अक्षरओळखसुद्धा नुकतीच झालेली, फोटोंच्या मागे नावं लिहिता यावीत म्हणून ताईनेच शिकवलेलं. मालक म्हणाला, बहिणीचं लग्न आहे, तूच काढ. कॅमेरा दिला. मी गडबडीत रोल भरला आणि टोक फटीतून सुटलं. वर आकडा पुढे जातोय, आत रोल जागच्या जागी. दिवसभर ही गुंडी फिरली नाही आणि दिवसभर मी तिच्याकडे पाहिलं नाही. धुतला तेव्हा काचेसारखा कोरा.

भाची: मग?

मामा: मग मी सांगितलं, मालकाच्या रोल धुवायच्या औषधाने बिघडला. ताईच्या सासरची माणसं मालकाला जाब विचारायला निघाली. तेव्हा ती आडवी आली. म्हणाली, मालकाला बोलू नका, रोल मीच उघडला, मला माझे फोटो नकोत.

भाची: आणि मग तेच धरून राहिली.

मामा: शेहेचाळीस वर्षं. चिमणे, सोमवारच्या आधी मला तिला सांगायचंय, की मालकाने काही बिघडवलं नव्हतं. सकाळपासून शब्द जुळवतोय. पहिलंच वाक्य जमत नाही.

ताई: नको जुळवूस. दार उघडंच आहे.

मामा: ताई. कधीची उभी आहेस?

ताई: माझी चादर नेलीत तेव्हाची. धुतलेलीच घेतलीत ना?

भाची: आई, तू ऐकलंस सगळं?

ताई: त्यात ऐकायचं काय नवीन? मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

मामा: कसं असेल? रोल मी स्टुडिओत धुतला.

ताई: आदल्या दिवशी तू मला दहा वेळा सांगितलं होतंस, रोलात छत्तीस फोटो असतात. छत्तीस झाले की खटका अडतो. आणि लग्नात प्रत्येक फोटोला मोठ्याने आकडा म्हणत होतास, अंक नवीन नवीन शिकलेले ना. सदतीस म्हणालास, अडतीस म्हणालास. एकेचाळिसाव्याला माझ्या सासूबाईंना सांगितलंस, बघा, माझ्या हातात रोलसुद्धा पुरून उरतो.

भाची: एकेचाळीस?

मामा: हसू नकोस.

भाची: नाही हसत. मामा, एकेचाळीस?

ताई: मी तिथे नटूनथटून बसलेली, आणि डोक्यात एकच, छत्तीसचे एकेचाळीस होतात कसे.

मामा: मग तेव्हाच का नाही बोललीस? रोल बदलता आला असता.

ताई: तू इतका खुशीत होतास. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसं तुला म्हणत होती, इकडे या, आमचा काढा. अहोजाहो करत होती. आणि नंतर सगळे मालकाकडे निघाले तेव्हा वाटलं, खरं कळलं तर हा परत वीटभट्टीवर जाईल.

मामा: म्हणून तू कायमची कॅमेऱ्यासमोरून उठलीस.

ताई: वावडं म्हटल्यावर वावडं पाळायला नको? पहिली काही वर्षं जड गेली. ही झाली तेव्हा फार वाटायचं, हिला मांडीवर घेऊन एक तरी असावा. मग सवय झाली.

भाची: मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर फोटोत यायचं नसतं.

ताई: काहीतरीच. मला कधी विचारलंस?

भाची: नाही.

ताई: मीही नाही सांगितलं. बरं, बसायचं कुठे? ही माझीच खुर्ची आणि मलाच विचारावं लागतंय.

मामा: इथे. खांदे खिडकीकडे, मान जरा इकडे. हसू नकोस.

ताई: मी हसत नाहीये. तोंडच तसं आहे.

भाची: फोकस झाला. मामा, केबल घे.

मामा: ताई, श्वास सोड. सोडलास? आता थांब. हं.

ताई: झाला?

मामा: चिमणे, खटका मार. गुंडी?

भाची: फिरली.

ताई: कितवा होता?

मामा: दुसरा. पहिला हिने माझा काढून ठेवला.

ताई: मग मोठ्याने म्हण ना. छत्तीसला थांब म्हणजे झालं.

(तेवीस दिवसांनंतर. तीच खोली, तीच खुर्ची.)

भाची: टाके ओढतात का? उशी देऊ?

ताई: मी ठीक आहे. पाकीट उघड.

भाची: हा बघ. आणि हा. सहावा मला सगळ्यात आवडला, तू त्याच्यावर रागावलीस तो.

ताई: नाक आमच्या आईचं आहे की. इतकी वर्षं लक्षातच आलं नाही. त्याने पाहिले हे?

भाची: कागदावरचे नाही. निगेटिव्ह पाहिली. तुझं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी रोल धुतला. तो घड्याळ बघून सांगत होता, डबा मी हलवत होते. ओली पट्टी खिडकीशी धरून त्याने मोजले. मग दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजले.

ताई: काय म्हणाला?

भाची: म्हणाला, सदतिसावा नाही. आणि पट्टी वाळत टाकायला माझ्या हातात दिली.

ताई: पेन्सिल दे.

भाची: पेन आहे इथे.

ताई: शाई पुढच्या बाजूला उतरते, त्यानेच सांगितलेलं. पेन्सिल दे. या सहाव्याच्या मागे लिहू, ‘भावाने काढला.’ आणि हा त्याचा, पहिला?

भाची: हो. गुंडी बघताना निघाला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

ताई: बरा आलाय. कागद नीट धर.

भाची: मोठ्याने म्हणत लिही, आई.

ताई: ‘माझा धाकटा भाऊ. फोटोग्राफर. नऊ मार्चला, शुक्रवारी, सकाळचा चहा झाल्यावर गेला.’