अशेर झिल्खांनी न छापलेली बातमी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ‘मिगदलोर’ साप्ताहिकाचे संपादक श्री. अवनेर शुस्टर, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती अशेर झिल्खा, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या वर्दाबाई, आणि हैफाच्या या उकाड्यात पंखे बंद पडले तरी जागा न सोडणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती मी ऐकली. साहजिकच आहे. मी लष्कराच्या सेन्सॉर कचेरीत होते. ज्या ड्रोराबाईने अशेर यांच्या लेखांवर वर्षानुवर्षं लाल पेन्सिल चालवली, तिच्याच हातात त्यांच्या निरोपाचा माईक! ‘बोकडाच्या सत्काराला खाटीक बोलावलाय,’ असंही कुणी तरी म्हणालं. म्हणू द्या. पेन्शन सुरू झाल्यापासून मला राग येत नाही.

आमचा परिचय फोनवरच्या भांडणातला. दर गुरुवारी दुपारी फोन वाजायचा.

“ड्रोरा, तू माझं वाक्य कापलंस.”

“वाक्य नाही, गावाचं नाव कापलं. तोफा कुठे आहेत ते शत्रूला सांगायची काय गरज?”

“आणि खाली सरकारच्या मूर्खपणावर लिहिलंय, ते का नाही कापलंस?”

“ते कुठे गुपित आहे?”

पलीकडून हसू यायचं आणि फोन आपटला जायचा. असा आमचा संसार! वर्दाबाई, माफ करा.

आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला मी काय सांगावी? सगळ्या देशाला ठाऊक असलेली, पण छापायला मनाई असलेली गोष्ट असली, की आपले पत्रकार तिला ‘परदेशी वृत्तांनुसार’ अशी टोपी घालतात. बाहेरच्या कुणी छापलं, मग आम्हीही छापलं, आमचे हात स्वच्छ. ही सवय आपल्या घराघरांत शिरली आहे. वर्दाबाई तर जेवायला बोलावतानाही म्हणतात, “परदेशी वृत्तांनुसार आज भेंडीच्या रश्शात खिम्याचे कुब्बे आहेत.”

तर, मागचं युद्ध. आपल्या हैफाच्या तलपियोत बाजारात भाजी विकणाऱ्या सिम्हा बुस्किला आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांचा सैनिक मुलगा एलियाव उत्तर सीमेवर पकडला गेला. आणि मंत्रिमहोदयांनी दूरदर्शनवर छाती पुढे काढून सांगितलं, “आम्ही सौदेबाजी करत नाही. चर्चा नाही म्हणजे नाही.” टाळ्या पडल्या. ज्यांची मुलं घरी जेवत होती त्यांच्या टाळ्या जरा जास्तच जोरात होत्या, हे माझं निरीक्षण. चुकीचं असेल तर सोडून द्या.

अशेर मात्र दर शुक्रवारी लिहीत राहिले : बोला. शत्रूशीच बोलावं लागतं, मित्राशी गप्पा मारायला सरकार कशाला हवं? आमची मुलं परत आणा.

आणि एका गुरुवारी त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच.

“ड्रोरा, मला एक गोष्ट कळलीय. ते बोलताहेत. तिसऱ्या देशात बसून, महिनाभर.”

त्या विषयावर अवाक्षर छापू द्यायचं नाही, असा हुकूम माझ्या टेबलावर होता.

“मी ते लिहिणार नाहीये,” ते म्हणाले. “फुटलं तर बोलणी मोडतील आणि पोरगं जाईल.”

“मग फोन कशाला केलास?”

“या आठवड्यात लेखात कापण्यासारखं काही नाही. तुला चुकल्याचुकल्यासारखं होईल, म्हणून.”

मंडळी, जरा विचार करा. ती बातमी छापली असती, तर मंत्र्यांचा खोटेपणा उघडा पडला असता आणि अशेर झिल्खांचं नाव जगभर गेलं असतं. कोणता पत्रकार असा घास तोंडातून काढून ठेवतो? ते ‘बोला’ असंच लिहीत राहिले. ‘सरकार बोलत नाही’ असं मात्र त्यानंतर एकदाही लिहिलं नाही. मी तपासलंय, माझं कामच होतं ते. इकडे मंत्री त्यांना ‘घाबरट म्हातारा’ म्हणत होते. आतून स्वतः तेच करत होते, ज्यासाठी याला चारचौघांत शिव्या घालत होते!

त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं सिम्हाच्या गाळ्यावर समोरासमोर आलो. ती वांगी तोलत होती. वाळून काडी झाली होती. अचानक तिने अशेरचा हात धरला.

“खरं सांग रे जिवा. कुणी बोलतंय का माझ्या लेकरासाठी? का नुसतं तूच ओरडतोयस? खोटा धीर देऊ नकोस हं. तसला धीर द्यायला माझ्या नणंदा पुरेशा आहेत.”

अशेरने माझ्याकडे पाहिलं. मी कोथिंबिरीकडे पाहिलं.

“परदेशी वृत्तांनुसार,” ते सावकाश म्हणाले, “बोलताहेत.”

सिम्हा सगळी वर्तमानपत्रं वाचते. असं वृत्त कुठल्याही देशात आलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने माझ्याकडे मान वळवली.

“ड्रोराबाई, हा बोलला ते ऐकलंत? तुमचं काय म्हणणं?”

मी म्हणाले, “सिम्हा, मी त्याचं हे वाक्य कापत नाही.”

तिने तराजू खाली ठेवला. भाजी विकणाऱ्या बाईने गिऱ्हाइकासमोर रडू नये, असा तिचा नियम. तिने आमच्याकडे पाठ केली आणि बटाट्याच्या पोत्यावर डोकं टेकून पोटभर रडून घेतलं. मग तोंड पुसून म्हणाली, “वांगी घेताय का नुसती हातात धरून बसणार आहात?”

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कैद्यांची अदलाबदल झाली, एलियाव जिवंत आला. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं, की मी कचेरीत बूट काढून बसले. मंत्र्यांनी श्रेय घेतलं, घेऊ दे. अशेरने लिहिलं की सीमेपलीकडेही काही आयांना आज त्यांची मुलं मिळाली, त्यांनाही आज झोप लागेल. त्या एका ओळीसाठी त्यांच्या दारावर अंडी फेकली गेली. ती ओळ मी कापली नव्हती. त्यात लष्करी गुपित नव्हतं, फक्त माणुसकी होती.

पण अशेर यांच्यावरचा सगळ्यात जिव्हारी लागणारा आरोप निराळाच होता. शत्रूचा रेडिओ त्यांचे लेख वाचून दाखवतो, हा! खरं होतं ते. ‘बघा, यांच्यातच फूट आहे’ म्हणून ते वाचत. युद्धात सरकारला प्रश्न विचारणारा शत्रूची भाकरी भाजतो, असं आपण कितीदा ऐकलं? या सभागृहातल्या किती जणांनी त्या काळात अशेरना पाहून रस्ता बदलला? मी नावं घेत नाही.

गेल्या महिन्यात एलियाव माझ्याकडे आला होता. तो अजून फार बोलत नाही. चहा घेता घेता म्हणाला, “मावशी, पहारेकरी रेडिओ लावायचे. मला थोडी अरबी समजते. मंत्र्यांचं भाषण लागलं, चर्चा नाही म्हणाले. मी जेवण सोडलं. वाटलं, आपल्याला मेलेल्यांत मोजलंय. मग एकदा कुणाचा तरी लेख लागला. नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. इतका खेकसून दुसरं कोण लिहितं? ‘आमची मुलं परत आणा’ म्हणत होता. मी उठलो आणि समोरचा भात खाल्ला.”

अशेर, हे त्याने तुम्हाला सांगितलेलं नाही. त्याला तुमच्यासमोर बोलता येईना, म्हणून माझ्याकडून वदवून घेतलं. तुमचे लेख शत्रूच्या रेडिओवरून कुणापर्यंत पोचत होते, ते आज कळलं ना? रडा, खुशाल रडा. वर्दाबाई, त्यांना रुमाल द्या.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. सिम्हाने आपल्यासाठी चीज भरलेले खुसखुशीत बुरेकस आणले आहेत. कुणीही धक्काबुक्की करू नका, सगळ्यांना पुरतील. वाढायला एलियाव उभा आहे.