अर्धा तुकडा कोरा

नाही नाही, पास्टरभाऊ, तुम्ही बसा — प्रार्थनेचं नंतर बघू. ऑपरेशन चालूच आहे, आमची सरला काय आतून पळून जात नाही. चहा? नको? बरं — काय सांगत होतो? हां, तुमचं ते तेल. आपण पडलो इथल्या पांडेसऱ्याच्या कापड मिलमधला रंगारी. नवा रंग आला की कापडाच्या तुकड्याला अर्ध्यालाच लावायचा, अर्धा कोरा ठेवायचा — नाहीतर फरक कळणार कसा? माझे दुखायचे दोन्ही गुडघे. तुम्ही प्रार्थना करून सरलाला तेल दिलंत, ते मी चोरून लावलं — पण एकाच गुडघ्याला! डावा कोरा! हसा, हसा. आठ दिवसांत काय व्हावं? दोन्ही थांबले की हो दुखायचे! आता कुणाच्या नावानं बोंब मारायची? सरलाला सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, "अहो, देव काय तुमचा हेल्पर आहे, सॅम्पल काढून दाखवायला?"

नाव माझं पांडुरंग, देव्हाऱ्यात खंडेराव. प्लेगच्या साली सगळी सुरत पळाली, आमची चाळ ओस पडली, तेव्हा आम्हा दोघांना पाणी विचारायला एक शेजारची ख्रिस्ती मंगलाबाईच होती — तेव्हापासून सरला रविवारी तिच्या खोलीत येशूची गाणी म्हणते. मी कधी अडवलं नाही हं. पण मला बोलावलं की माझं ठरलेलं — आधी दाखव, मग मानतो. मोठा शहाणा! आज सकाळी स्ट्रेचरवर होती — पोटातली गाठ, डॉक्टर म्हणाले, उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही — तर माझा हात धरून म्हणाली, "मी आत असेन तोवर माझ्यासाठी दोन शब्द बोलाल?" आणि मी गाढव काय म्हणालो? "तू बरी होऊन ये, मग बोलतो." असं बोलतं का कुणी? तिनं हात सोडला माझा. घाबरलोय हो मी, पास्टरभाऊ, लई घाबरलोय.

प्रार्थनेची सुरुवात काय म्हणून करतात? नाही, तुम्ही म्हणू नका, मला नुसतं सांगा — अरे, दार उघडलं! डॉक्टर. नका बघू त्यांच्या तोंडाकडे, मीपण बघत नाही. ती बरी आहे कळल्यावर काय, कुणीही हात जोडेल — डॉक्टरसाहेब, थांबा, एक अक्षर बोलू नका! पास्टरभाऊ, जा तुम्ही, त्यांना घेऊन तिकडे लांब उभे राहा. जा म्हणतो ना!

येशूबाबा — मी पांडुरंग. सरलाचा नवरा.